आपले बुडाले, त्यांनी उडवले

(न्हावा शेवा येथील व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याच्या ओघातली वाक्ये शक्यतो तशीच ठेवली आहेत.)



आज इथे यायला आम्ही गाडी केली. शिवडीला अटल सेतूवर चढलो आणि चिर्ल्याला उतरलो, तेव्हा जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं झाली असतील. बरोबर आमचे एक जुने सहकारी होते. नाव सांगत नाही, ते समोरच बसले आहेत. शिवडीपर्यंत ते आपल्या मेहुण्याची हकीकत सांगत होते. मेहुणे बँकेत होते. २०००-०१ साली सरकारी बँकांमध्ये स्वेच्छानिवृत्तीची लाट आली तेव्हा त्यांनीही निवृत्ती घेतली, एकरकमी पैसे मिळाले, ते त्यांनी एका पतसंस्थेत ठेवले आणि पतसंस्था गेली. "बिचाऱ्याचे सगळे पैसे बुडाले हो," असं हे म्हणाले. आम्हीही हळहळलो.

पूल संपला. उजव्या-डाव्या हाताला नवी घरं, मोठाल्या गाड्या, एका लग्नाचा मांडव दिसला. आणि त्याच गृहस्थांच्या तोंडून त्याच सुरात वाक्य आलं, "या लोकांना जमिनीचे एवढे पैसे मिळाले, पण उडवले सगळे. गाड्या, सोनं, हळदी. पैसा पचवायलाही अक्कल लागते." गाडीत चौघं होतो. कुणी हरकत घेतली नाही. आम्हीही घेतली नाही, हे आधीच कबूल करतो.

आता ही दोन वाक्यं शेजारी ठेवून पाहा. घटना एकच आहे. एका माणसाची आयुष्यभराची मिळकतीची सोय संपली, तिच्या बदल्यात त्याच्या हातात एकदम मोठी रक्कम आली, ती सांभाळायचा त्याला सराव नव्हता आणि ती गेली. पण मेहुण्याचे पैसे 'बुडाले' आणि इथल्यांनी ते 'उडवले'. बुडणं हे अकर्मक क्रियापद. पैसे आपले आपण बुडतात, माणूस त्यात कुठे नाहीच, असलाच तर 'बिचाऱ्याचे' असा षष्ठी विभक्तीत कोपऱ्यात उभा. उडवणं सकर्मक. तिथे 'यांनी' हा करणारा लागतो, आणि करणारा म्हटला की त्याचा स्वभाव आला, अक्कल आली. निवाडा द्यायच्या आधीच व्याकरणाने तो देऊन टाकलेला असतो. आमच्या घरी 'हौस' असते, त्यांच्याकडे 'उधळपट्टी'. आमच्या मुलाचं 'जमलं नाही', त्यांच्या मुलाने 'दिवे लावले'. आम्ही काटकसरी, ते चिकट. अशी यादी तुम्ही घरी जाऊन वाढवा. आम्हाला ती वाढवताना फार वेळ लागला नाही, आणि याची लाजही वाटली.

(हशा ओसरल्यावर) हसलात ते ठीक आहे, पण आमचेही पैसे गेलेले आहेत. नव्वदच्या दशकात सागवान लावून वीस वर्षांनी लाखो रुपये देणाऱ्या योजना निघाल्या होत्या, ज्येष्ठांना आठवत असतील. तर्कशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने, म्हणजे आम्ही, त्यात पैसे घातले. तो साग आम्ही अजून पाहिलेला नाही. पण "प्राध्यापकांनी पैसे उडवले" असं आम्हाला कुणी म्हटलं नाही. "फसवले गेलात हो" असंच म्हणाले.

आता याबद्दल शास्त्र काय म्हणतं? थोडक्यात सांगतो, कारण हे हल्ली सगळीकडे सांगितलं जातं. माणसांविषयी मत बनवताना मन पूर्ण चौकशी करत नाही, जवळच्या वाटेने जातं. १९२२ साली वॉल्टर लिपमन या अमेरिकी पत्रकाराने छापखान्यातला शब्द उचलला, स्टिरिओटाइप, म्हणजे एकदा ओतला की पानामागून पान छापणारा ठसा, आणि तो आपल्या डोक्यातल्या चित्रांना लावला. १९७४ साली ट्वर्स्की आणि काहनेमन यांनी 'सायन्स' या नियतकालिकात लेख लिहून अशा जवळच्या वाटांची रीतसर मांडणी केली. चटकन आठवतं ते वारंवार घडत असणार असं वाटणं, नमुन्यासारखा दिसला की तो त्या गटातलाच असं धरून चालणं, वगैरे. मांडवातलं सोनं डोळ्यांत भरतं. मुलीच्या शिक्षणासाठी बँकेत ठेवलेली रक्कम रस्त्यावरून दिसत नाही. म्हणून सोनं आठवतं.

याच्या जोडीला आणखी एक दोष सांगितला जातो. १९६७ साली जोन्स आणि हॅरिस यांनी अमेरिकेत विद्यार्थ्यांना काही निबंध वाचायला दिले, क्यूबाच्या कॅस्ट्रोच्या बाजूचे आणि विरोधातले. वाचणाऱ्यांना सांगितलं होतं की लिहिणाऱ्याला बाजू नेमून दिलेली होती. तरी वाचणाऱ्यांना वाटत राहिलं की बाजूने लिहिणारा मनातूनही थोडाफार कॅस्ट्रोवादी असणार. परिस्थिती माहीत असूनही दोष, श्रेय सगळं स्वभावाच्या खात्यात टाकायचं. १९७७ साली ली रॉस यांनी याला 'मूलभूत' दोष असं नाव दिलं. मूलभूत, म्हणजे माणूस म्हटला की आलाच.

इथपर्यंत आमचं फारसं भांडण नाही. भांडण पुढे आहे.

१९८४ साली जोन मिलर या संशोधिकेचा एक निबंध आला. तो आज या विषयाच्या जवळपास प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतो, आणि त्यात आपण आहोत. आपण म्हणजे भारतीय. मिलरबाईंनी शिकागोतली माणसं आणि म्हैसूरमधली हिंदू माणसं यांना विचारलं की तुमच्या ओळखीच्या कुणी अलीकडे केलेलं एखादं वाईट आणि एखादं चांगलं काम सांगा, आणि त्याने ते का केलं असेल तेही सांगा. लहान मुलांच्या उत्तरांत दोन्हीकडे फारसा फरक नव्हता. वय वाढलं तसे अमेरिकी लोक "तो तसाच आहे" म्हणू लागले, आणि म्हैसूरचे लोक परिस्थिती, नाती, कर्तव्यं यांच्याकडे बोट दाखवू लागले. त्यातली एक गोष्ट प्रसिद्ध आहे. एक वकील मोटरसायकलवरून चालला होता, मागे एक जण बसलेला. अपघात झाला. वकिलाने जखमीला इस्पितळात नेऊन सोडलं, आणि डॉक्टरांशी नीट न बोलता तो कोर्टाच्या कामाला गेला. जखमी दगावला. अमेरिकी म्हणाले, बेजबाबदार माणूस. इकडचे म्हणाले, त्याला कोर्टात अशिलासाठी हजर राहणं भाग होतं, शिवाय तो गोंधळला असेल, जखम किती गंभीर आहे ते कळलं नसेल.

यावरून निष्कर्ष निघाला की 'मूलभूत' दोष मूलभूत नाही, तो पाश्चात्त्य संस्कृतीचा आहे. पूर्वेकडची माणसं माणसाला त्याच्या संदर्भात पाहतात. पुढे निस्बेट यांच्या २००३ च्या 'द जिऑग्राफी ऑफ थॉट' सारख्या पुस्तकांनी पूर्व-पश्चिम असा हा नकाशाच रंगवला. आपल्याला हे ऐकायला गोड वाटतं. आम्ही स्वतः वीस वर्षं वर्गात हा निबंध अभिमानाने शिकवला. निबंध चांगलाच आहे, काळजीपूर्वक केलेला आहे, त्यात मुलांचा आणि मोठ्यांचा केलेला वेगळा विचार तर फार मोलाचा आहे. पण त्याच्यावरून काढलेला मोठा निष्कर्ष आम्हाला आता पटत नाही.

का पटत नाही? प्रश्न काय विचारला होता ते पुन्हा ऐका. "तुमच्या ओळखीच्या" माणसाचं काम सांगा. ओळखीच्या माणसाची परिस्थिती आपल्याला माहीतच असते, आणि आपल्यासारख्या समाजात ओळखीचा म्हणजे बहुतेक वेळा नात्याचा, जातीचा, वाड्यातला. मेहुणाच तो. त्याला संदर्भ मिळणारच. म्हैसूरच्या वकिलाला मिळाला तसाच. आमचा प्रश्न असा आहे की तो मोटरसायकलवरचा माणूस वकील नसून इथल्या रस्त्यावरचा ट्रेलरचालक असता, परप्रांतातला, अनोळखी, तर म्हैसूरच्या त्याच माणसांनी काय उत्तर दिलं असतं? त्याला "कर्तव्यावर जायचं होतं" म्हणाले असते का?

याचं थोडंसं उत्तर दहा वर्षं आधीच मिळालं होतं. १९७४ साली, म्हणजे काहनेमन-ट्वर्स्कींचा लेख आला त्याच साली, टेलर आणि जग्गी या दोघांचा एक छोटा निबंध छापून आला. त्यांनी दक्षिण भारतातल्या ३० हिंदू कारकुनांना काही साधे प्रसंग दिले. दुकानदार उदारपणे वागला किंवा त्याने फसवलं, पावसात कुणी आसरा दिला किंवा दिला नाही, असे. प्रसंगातला माणूस कधी हिंदू, कधी मुसलमान. आपला माणूस चांगला वागला तर तो त्याचा स्वभाव, वाईट वागला तर परिस्थिती. दुसऱ्याच्या बाबतीत नेमकं उलट. म्हणजे संदर्भ पाहायची क्षमता कारकुनांकडे होती, स्वभाव पाहायचीही होती. कोणती कुणासाठी वापरायची हे ठरलेलं होतं. ३० माणसांवरून देशाचा निवाडा करू नये हे खरंच, तो दोष आम्हालाही लागू. पण दोन निबंधांपैकी आपल्याला गौरवणारा आपण पाठ केला आणि दुसरा विसरलो, हे मात्र बोलकं आहे.

आणि मराठीच पाहा की. स्वभावाने हुशार याला आपण काय म्हणतो? 'जात्याच हुशार'. एखाद्याने शेवटी वाईटपणा दाखवला तर? 'जातीवर गेला'. जन्म आणि स्वभाव यांना आपल्या भाषेत एकच शब्द पुरतो. जी संस्कृती माणसाला संदर्भातच पाहते म्हणतात, तिने हजारो वर्षं चालवलेली जात ही स्वभावाच्या खात्यावर टाकायची जगातली सर्वांत मोठी व्यवस्था आहे. डॉ. आंबेडकरांनी १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' मध्ये हेच दाखवलं आहे, की जातीमुळे सहानुभूती आणि सद्गुणसुद्धा जातीच्या कुंपणात अडकतात. मानसशास्त्राने पूर्व-पश्चिम अशी जी रेघ ओढली, ती आम्हाला पनवेल-उरण रस्त्यावर गाडीच्या काचेत दिसली.

आता या रस्त्याविषयी. तुम्ही इथलेच आहात, तुम्हाला आम्ही काय सांगणार. पण हे व्याख्यान दूरचे लोकही ऐकतात, म्हणून सांगतो. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. पाठोपाठ बंदर आलं, ते १९८९ मध्ये सुरू झालं. जमिनीच्या भावासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. १९८४ च्या १६ आणि १७ जानेवारीला गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व त्या लढ्यातून आलं, आणि ती जमीन प्रत्यक्ष हातात पडायला काहींना दशकं लागली. शेवा कोळीवाड्यातल्या कुटुंबांना बंदरासाठी हलवलं, उरणजवळ हनुमान कोळीवाड्यात नेलं, तिथे घरांना वाळवी लागली, आणि योग्य पुनर्वसनाची मागणी करता करता त्यांची दुसरी पिढी म्हातारी व्हायला आली. यांच्याबद्दल मुंबईत काय ऐकू येतं? "किती मागणार अजून?" हाही स्वभावाचा निवाडा. हावरे आहेत, असा.

आमच्या शास्त्रात, म्हणजे न्यायशास्त्रात, यावर एक फार उपयोगी कल्पना आहे. डोंगरावर धूर दिसला तर तिथे अग्नी आहे असं अनुमान करावं, ते बरोबर. उलट करता येतं का? अग्नी आहे म्हणून धूर असणार? नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. मग स्वयंपाकघरात अग्नीबरोबर धूर का दिसतो? सरपण ओलं असतं म्हणून. हे जे ओलं सरपण, न दिसणारी अट, तिला नैयायिक 'उपाधी' म्हणतात. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात पहिल्या वर्षाचा विद्यार्थी हे शिकतो. 'जिथे जिथे हे, तिथे तिथे ते' असं म्हणणाऱ्याला विचारायचं, बाबा रे, मधे ओलं सरपण नाही ना?

"प्रकल्पग्रस्त तिथे उधळपट्टी." बरं, यात ओलं सरपण कोणतं? जमीन ही नुसती मालमत्ता नव्हती, ती बचतीची शिस्तही होती. भाताचं शेत वर्षाला एकदा देतं, कणगीत भरतं, आणि वर्षभर पुरवायला लावतं. हळदीसाठी शेताचा कोपरा कापून देता येत नाही. तेच शेत धनादेश झालं की ही शिस्त एका दिवसात गेली. बरोबरीने रोजचं काम गेलं, खाडीतली मासळी गेली, मिठागरं गेली. आगरी हे नावच ज्या आगरांवरून आलं असं मानतात, ती आगरं. उरलं काय? गाव, भावकी, लग्न, हळद. माणसं त्यात पैसे घालणार नाहीत तर कशात? त्यातला अतिरेक आम्ही झाकत नाही. तो कमी करा म्हणून समाजातलेच लोक आवाहनं करतात, आणि ते त्यांना शोभतं. पण एकरकमी पैसा, गेलेलं काम आणि सल्ल्याला कुणी नाही, ही उपाधी जिथे जिथे आली तिथे तिथे पैसे गेले, बँकेतल्या मेहुण्याचेही आणि तर्कशास्त्राच्या मास्तरांचेही. यात आगरी असण्याचा संबंध कुठे आला?

उलट दाखला हवा तर याच जिल्ह्यातला आहे. अलिबाग तालुक्यात १९३३ पासून १९३९ पर्यंत चरीचा संप चालला. नारायण नागू पाटलांच्या मागे २५ गावांतली कुळं खोतांविरुद्ध उभी राहिली, जमीन पिकवायचीच नाही म्हणून. सहा वर्षं! बहुतेक आगरी शेतकरी. लाकूडफाटा विकून, मिळेल ते करून राहिले, पण नांगर धरला नाही. ज्यांना पैसा धरवत नाही, सबुरी नाही असं म्हणतात, ते हेच लोक. पण थांबा, यावरून "आगरी म्हणजे जात्याच सबुरीचे" असं म्हणू लागलो तर आम्ही पुन्हा त्याच खड्ड्यात. शितावरून भाताची परीक्षा होते ती एका भांड्यातला भात एकाच आचेवर शिजतो म्हणून. खारेपाटात तर एका बांधाच्या अलीकडचं आणि पलीकडचं भात सारखं नसतं. कुठली खांड गेली, खारं पाणी कुठे शिरलं, हे पाहावं लागतं. तुम्हाला हे आमच्यापेक्षा जास्त कळतं.

इथे एक गोष्ट यजमानांना न आवडणारी बोलतो. संदर्भ नाकारण्यात इथली माणसंही मागे नाहीत. 'घाटी' म्हणजे काय आणि 'भय्या' म्हणजे कसा, हे इथेही पाठ आहे. बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर कंटेनर घेऊन उभा असलेला चालक घ्या. 'बेदरकार', 'दारुडा', 'माजलेला'. तो रांगेत किती तास उभा होता, कधी झोपला, अंघोळीला पाणी कुठे मिळालं, हे कुणी विचारत नाही. जानेवारी २०२४ च्या सुरुवातीला देशभर ट्रकचालकांनी संप केला, तो आठवा. भारतीय न्याय संहितेत तरतूद आली होती की बेदरकारपणे गाडी चालवून कुणाचा जीव घेतला आणि पोलिसांना न कळवता पळाला, तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा. पळाला म्हणजे निर्ढावलेला, असा त्यामागचा निवाडा. चालकांचं म्हणणं होतं, थांबलो तर जमाव जिवंत सोडणार नाही. स्वभाव की परिस्थिती, हाच वाद रस्त्यावर आला होता. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली, ते उपकलम मात्र स्थगित ठेवलं गेलं. आम्ही चालकांची बाजू घेतो आहोत असं समजू नका. या रस्त्यांवर ज्यांच्या घरची माणसं गेली त्यांच्यापुढे उपाधीचं व्याख्यान द्यायची आमची हिंमत नाही. एवढंच म्हणतो की मोटरसायकलवरच्या वकिलाला जे दिलं गेलं, ते याला कुणी देऊही केलं नाही.

मग उपाय काय? काहनेमन यांच्या २०११ च्या पुस्तकानंतर जो तो सांगतो, सावकाश विचार करा. खुद्द काहनेमन या बाबतीत त्यांच्या वाचकांपेक्षा जास्त प्रामाणिक होते. आयुष्यभर अभ्यास करूनही आपल्या पहिल्या झटक्यातल्या मतांत फारशी सुधारणा झाली नाही हे त्यांनी मान्य केलं आहे. पण आमची हरकत वेगळी आहे. सावकाश विचार आम्ही करून पाहिलेला आहे. त्याची गोष्ट सांगतो आणि थांबतो.

१९८३ सालचा जून. आम्ही मुंबईतल्या एका महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवत होतो. पहिल्याच आठवड्यात उरण तालुक्यातला एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, तू सांगितलंस ते समजलं नाय." वर्ग खदखदून हसला. आम्ही हसलो नाही, पण मनात शिक्का उठला, उद्धट. आगरी बोलीत वडीलधाऱ्यांनाही सहसा 'तू'च म्हणतात, हे आम्हाला माहीत नव्हतं. आम्ही आईला 'तू' म्हणतो, विठोबाला 'तू' म्हणतो, पण त्याच्या 'तू'मध्ये आम्हाला जवळीक ऐकू आली नाही. शिवाय 'पाणी'चं 'पानी'. त्यावरून बुद्धीसुद्धा मोजून झाली.

पुढे तो सकाळच्या तासाला उशिरा येऊ लागला. काही दिवस वेळेवर, मग दोन-तीन दिवस उशिरा, पुन्हा वेळेवर. आम्ही सावकाश विचार केला. वर्षभर केला. प्रत्येक उशिरानं आमचं मत पक्कं होत गेलं. निष्काळजी, अनियमित, लहरी. सगळा पुरावा होता, नोंदवलेला होता, आणि आमच्या बाजूचा होता. फेब्रुवारी १९८४ मध्ये त्याची टर्म नाकारायची म्हणून आम्ही हजेरीपट घेऊन बसलो. लाल शाईने तारखांना खुणा केल्या. आमच्या विभागाचे शिपाई करंज्याचे कोळी होते. चहा ठेवायला आले, खांद्यावरून पाहिलं, आणि म्हणाले, "सर, ह्या सगल्या उधानाच्या तारखा हायेत."

भिंतीवर कालनिर्णय होतं. आम्ही उठून पाहिलं. अमावास्या, पौर्णिमा, आणि त्यांच्या पुढचे दोन दिवस. त्या दिवसांत आपल्याकडे सकाळी सहा-सातच्या सुमाराला मोठी सुकती असते. मोऱ्याच्या धक्क्याला गाळ उघडा पडतो, लाँच लागत नाही. पाणी चढेपर्यंत मुलगा धक्क्यावर उभा. आम्ही त्याच्या स्वभावाचा आलेख काढत होतो, तो चंद्राचा निघाला. ओलं सरपण म्हणजे काय हे आम्ही त्याच वर्गाला त्याच वर्षी शिकवलं होतं.

पण जानेवारीच्या मध्यापासून एक सलग गैरहजेरी होती. अकरा दिवसांची. उधाण अकरा दिवस राहत नाही. आम्ही शिपायांकडे पाहिलं, ते काही बोलले नाहीत. पहिली तारीख होती १६ जानेवारी. गोळीबाराच्या बातम्या आम्ही त्या दिवसांत रोज वाचल्या होत्या, स्टाफरूममध्ये त्यावर तावातावाने बोललोही होतो. शेतकऱ्यांच्याच बाजूने बोललो होतो. आणि तास सुरू झाला की त्याच्या नावापुढे 'गै' लिहीत होतो. ही दोन कामं करणारा माणूस एकच होता, हे आम्हाला महिनाभर दिसलं नाही.

टर्म आम्ही दिली. शिफारसही जोडली. पण तो तोवर यायचा बंद झाला होता. पत्र पाठवलं, उत्तर आलं नाही. पुढच्या वर्षी नावही नव्हतं. मागच्या वर्षीपर्यंत आम्ही ही गोष्ट सांगताना "त्याचं शिक्षण सुटलं" असं म्हणत होतो. अकर्मक क्रियापद. आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीने ते दाखवून दिलं.

आता त्याचं वय साठीच्या पुढे असेल. तो या सभागृहात असेल, किंवा त्याला ओळखणारं कुणी असेल, तर खाली चहा आहे, आम्ही आठ वाजेपर्यंत थांबणार आहोत. त्याने आम्हाला 'तू'च म्हणावं.